रेगे, डब आणि रेडिओ : रात्रीची रिकामी वेळ कोणाची?

या मालिकेत आपण संगीताचा इतिहास बहुतेक वेळा कलावंतांच्या बाजूने बघतो. गाणं कोणी रचलं, कोणी गायलं, साथ कोणाची होती. आज बाजू जरा बदलू या. गाणं तयार झाल्यावर ते लोकांच्या कानापर्यंत कोणी नेलं, आणि वाटेत त्याला कोणी अडवलं, हा आजचा प्रश्न आहे.

उदाहरण घेतलंय जमैकाचं. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट आकाराने आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. या बेटाने जगाला रेगे दिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. बॉब मार्लेचं चित्र छापलेले टी-शर्ट तर जत्रेतसुद्धा मिळतात. पण १९७० च्या दशकात, म्हणजे रेगेच्या ऐन बहरात, खुद्द जमैकाच्या रेडिओवर हे संगीत फार मोजकं लागायचं, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. ज्या गल्लीत गाणं तयार होतंय, त्या गल्लीतल्या रेडिओवर मात्र अमेरिकेतली गुळगुळीत पॉप गाणी चालू. हे असं का झालं, आणि ते बदललं कोणी, हे आज बघू.

आधी दोन शब्द समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. 'रूट्स रेगे' म्हणजे मुळांकडे वळलेलं रेगे. त्याचे विषय म्हणजे गरिबी, पोलिसांचा जाच, आफ्रिकेची ओढ आणि रास्ताफारी पंथाची श्रद्धा. हा पंथ १९३० च्या दशकात जमैकात सुरू झाला. इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी याला तो देवाचा अवतार मानतो. रेगेची चाल चार मात्रांची, पण गंमत अशी की पहिल्या मात्रेवर, आपण जिला सम म्हणू तिथे, बरेचदा शांतता असते. ड्रमचा मुख्य ठोका पडतो तिसऱ्या मात्रेवर. मार्लेच्या साथीला असलेला ड्रमवादक कार्लटन बॅरेट याच ठेक्यासाठी ओळखला जातो.

'डब' हा याचाच पुढचा प्रकार. आधीच ध्वनिमुद्रित झालेलं गाणं घ्यायचं, त्यातला गायकाचा आवाज काढून टाकायचा, बेस आणि ड्रम पुढे आणायचे, आणि उरलेल्या आवाजांचे तुकडे मध्येच प्रतिध्वनीसारखे सोडायचे. डब करणारा माणूस वाद्य वाजवत नाही. त्याचं वाद्य म्हणजे ध्वनिमुद्रणाचं मिक्सर.

आता रेडिओकडे येऊ. जमैकात रेडिओ सुरू झाला १९३९ साली, दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा. एका हौशी रेडिओवाल्याने आपली यंत्रसामग्री सरकारला दिली आणि त्यावर झेडक्यूआय नावाचं केंद्र उभं राहिलं. १९५० मध्ये आरजेआर, म्हणजे रेडिओ जमैका, हे व्यापारी केंद्र आलं. १९५९ मध्ये जेबीसी, जमैका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, हे सार्वजनिक केंद्र आलं. देश स्वतंत्र झाला ६ ऑगस्ट १९६२ ला. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं तेव्हा बेटावर दोन केंद्रं होती आणि दोन्हींच्या मनात चांगल्या रेडिओचं चित्र एकच होतं. ते चित्र होतं बीबीसीचं. निवेदकाचं इंग्रजी कसं हवं, तर लंडनसारखं. रस्त्यावर लोक जी पात्वा बोली बोलतात, ती हवेवर यायला नको.

लोकांनी मग काय केलं? त्यांनी रेडिओची सुई दुसरीकडे फिरवली. रात्री हवा स्वच्छ असली की मायामीची आणि न्यू ऑर्लीन्सची केंद्रं जमैकात ऐकू यायची, आणि त्यावर काळ्या अमेरिकनांचं रिदम अँड ब्लूज लागायचं. आपल्याकडे १९५० च्या दशकात आकाशवाणीने हिंदी चित्रपटसंगीत दूर ठेवलं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. तसलाच प्रकार.

पण घरात रेडिओ असणंसुद्धा तेव्हा किंग्स्टनच्या गरीब वस्तीत चैनीचं होतं. त्यामुळे दुसरी एक व्यवस्था उभी राहिली, ती म्हणजे साउंड सिस्टिम. मिरवणुकीत आपण ज्याला 'डीजेची भिंत' म्हणतो, तिची ही थोरली बहीण समजा. कपाटाएवढे स्पीकर, घरी जोडलेले अॅम्प्लिफायर, रेकॉर्डचा गठ्ठा, आणि एखादं मोकळं अंगण. माफक तिकीट लावायचं, आत थंड बिअर विकायची आणि रात्रभर नाच. टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, क्लेमंट 'कॉक्सन' डॉड ही त्यातली मोठी नावं. ड्यूक रीड आधी पोलिसात होता, नंतर त्याचं दारूचं दुकान होतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. साउंड सिस्टिमचा धंदा गुपितावर चालायचा. अमेरिकेतून आणलेली दुर्मीळ रेकॉर्ड माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, यावर गर्दी ठरायची. म्हणून हे लोक रेकॉर्डवरचं नावाचं लेबल खरवडून काढायचे. गाणं कोणाचं ते प्रतिस्पर्ध्याला कळूच नये! कॉक्सनने तर विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवादकाच्या एका धूनला स्वतःचंच नाव देऊन टाकलं होतं. पुढे अमेरिकेतली आवड बदलली, तशा रेकॉर्ड मिळेनात, तेव्हा हेच लोक निर्माते झाले आणि स्थानिक गायक-वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करू लागले. त्यातून स्का, मग रॉकस्टेडी, आणि १९६० चं दशक संपता संपता रेगे जन्माला आलं. कॉक्सनने 'स्टुडिओ वन' उभारला, ड्यूक रीडने 'ट्रेझर आइल'.

रेडिओने या सगळ्याकडे पूर्ण पाठ फिरवली होती, असं मात्र म्हणता येणार नाही. व्हीअर जॉन्स यांच्या नवोदितांच्या स्पर्धेतून कितीतरी गायक पुढे आले. ड्यूक रीड स्वतः पैसे भरून आरजेआरवर आपला कार्यक्रम चालवायचा. १९७० मध्ये यू-रॉय या कलावंताने जुन्या गाण्यांच्या ठेक्यावर बोलत-गात केलेली तीन गाणी एकाच वेळी पहिल्या तीन क्रमांकांवर होती. तेव्हा लोकप्रिय गाणं अगदीच दडपता येत नव्हतं. पण केंद्राची वृत्ती काय होती? स्थानिक गाणं म्हणजे सवलत, आणि परदेशी गाणं म्हणजे नियम. त्यातही गाणं लावून घ्यायचं तर निवेदकाचे हात ओले करावे लागतात, अशी तक्रार त्या काळच्या अनेक कलावंतांनी केली आहे.

रूट्स रेगेची अडचण याहून मोठी होती. जटा वाढवलेला रास्ता माणूस तेव्हाच्या सभ्य समाजाला नकोसाच होता. एप्रिल १९६३ मध्ये माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्स इथे हिंसक घटना घडल्यावर पोलिसांनी रास्तांची सरसकट धरपकड केली, मारहाण केली, जटा कापल्या. त्याबद्दल सरकारने माफी मागितली २०१७ साली, म्हणजे ५४ वर्षांनी. ज्या माणसाला रस्त्यावर ही वागणूक मिळते, त्याच्या गाण्याला रेडिओवर मान कुठून मिळणार?

आता डबकडे वळू. १९६७-६८ च्या सुमाराची हकीकत आहे. स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टिमवाला रडी रेडवुड ड्यूक रीडच्या स्टुडिओत एका गाण्याची नमुना तबकडी कापून घ्यायला गेला. तबकडी कापणाऱ्या तंत्रज्ञाकडून गायकांच्या आवाजाचा भाग घालायचा राहून गेला. रेडवुड म्हणाला, राहू दे, अशीच दे. त्या रात्री त्याने आधी गाण्याची तबकडी लावली आणि पाठोपाठ ही बिनआवाजाची. लोकांना शब्द पाठ होते, त्यांनी मोकळ्या जागेत स्वतःच गायला सुरुवात केली. तिथून पुढे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'व्हर्शन' छापायची पद्धत पडली.

या 'व्हर्शन'चं डब ज्याने केलं, तो ऑसबर्न रडक, म्हणजे किंग टबी. पेशाने इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा. वॉटरहाउस या वस्तीत त्याचं घर होतं आणि घरातच छोटा स्टुडिओ. तिथे गाणं गाण्यासाठी धड जागाही नव्हती. दुसऱ्यांच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या टेप त्याच्याकडे यायच्या आणि तो त्या चार ट्रॅकच्या मिक्सरवर नव्याने घडवायचा. गिटारचा एक झटका वर आणायचा, त्याला प्रतिध्वनी जोडायचा, बाकी सगळं बंद करायचं. उरायचे बेस, ड्रम आणि दूर जात विरणारा तो झटका. मिक्सरवरचा एक मोठा फिरता खटका तो असा वापरायचा की खालचे स्वर एकेक करून गळत जायचे आणि झांजेचा पातळ आवाज तेवढा राहायचा.

हे डब जन्माला आलं ते पुन्हा गुपितासाठीच, हे विसरू नका. टबीकडून साउंड सिस्टिमवाले 'डबप्लेट' कापून घ्यायचे. मऊ लाखेचा थर दिलेली ती तबकडी, थोड्या वेळा वाजवली की झिजायची. एकच प्रत, एकाच मालकाकडे. ते मिश्रण ऐकायचं तर त्याच्याच अंगणात, त्याच रात्री जावं लागायचं.

म्हणजे परिस्थिती कशी होती बघा. एका बाजूला राष्ट्रीय रेडिओ, ज्याच्याकडे सगळ्या बेटावर पोचणारा ट्रान्समीटर आहे पण हे संगीत नको आहे. दुसऱ्या बाजूला साउंड सिस्टिम, जिच्याकडे संगीत आहे पण ते अंगणाच्या भिंतीबाहेर जाऊ द्यायचं नाही. या दोघांच्या मधली जागा एका तरुण तंत्रज्ञाने धरली.

त्याचं नाव मायकेल कॅम्पबेल. जन्म १९५४, गाव पोर्ट अँटोनिओ. विद्युत अभियांत्रिकीचं शिक्षण घेऊन तो १९७६ मध्ये जेबीसीत तंत्रज्ञ म्हणून लागला. ते वर्ष कसं होतं? निवडणुकीचं. दोन पक्षांच्या टोळ्या किंग्स्टनमध्ये एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. जूनमध्ये आणीबाणी लागू झाली. ३ डिसेंबरला खुद्द मार्लेवर त्याच्या घरात गोळीबार झाला. आणि गावाची ही अवस्था असताना रेडिओवर परदेशी गोड गाणी.

कॅम्पबेलने वरिष्ठांना गळ घातली की रात्रीची वेळ मला द्या. मध्यरात्रीनंतरचे तास. जाहिरातदारांना त्या वेळेचं काही मोल नव्हतं, त्यामुळे अडवायचं कारणही फारसं नव्हतं. त्याने कार्यक्रमाला नाव दिलं 'ड्रेड अॅट द कंट्रोल्स'. मराठीत सांगायचं तर 'सूत्रं ड्रेडच्या हाती'. ड्रेड म्हणजे जटाधारी रास्ता. ज्याच्या जटा कापल्या जात होत्या, तोच आता राष्ट्रीय रेडिओच्या मिक्सरवर बसलाय, असा त्या नावाचा अर्थ. आणि तो स्वतः झाला 'मायकी ड्रेड'.

तो कार्यक्रमात जवळजवळ फक्त रेगे लावायचा. पण नुसतं लावणं एवढ्यावर भागलं नाही. तो टबीकडच्या डबप्लेट आणायचा. गायकांना गाठून त्यांच्याकडून कार्यक्रमाच्या खास सूचना आणि आरोळ्या मुद्रित करून घ्यायचा. गाण्यांच्या मध्ये चमत्कारिक आवाज, प्रतिध्वनी, मध्येच रेकॉर्ड थांबवून पुन्हा सुरू करणं, असं सगळं. टबी जे टेपवर करत होता, ते मायकीने प्रक्षेपणावर केलं. आणि भाषा कोणती? रस्त्यावरची. थोड्याच काळात हा जेबीसीचा सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम झाला.

आमच्या मते या कार्यक्रमाचं ऐतिहासिक महत्त्व इथे आहे. साउंड सिस्टिमचं एका मालकाचं गुपित त्याने सार्वजनिक केलं. एकाच अंगणात, एकाच रात्री वाजणारी तबकडी आता डोंगरातल्या खेड्यात, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला, झोप न येणाऱ्या म्हातारीला, तिकीट न काढता ऐकू येऊ लागली. संगीत वाटून घेणं म्हणजे काय, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित सापडतं. आणि ते घडलं केंद्राला नको असलेल्या वेळेत.

अर्थात केंद्राच्या व्यवस्थापनाशी त्याचं जमलं नाही. लोकप्रियता वाढली तशी कुरबुर वाढली आणि दशक संपण्याआधी त्याने जेबीसी सोडली. १९७९ मध्ये त्याने 'आफ्रिकन अँथम' ही रेकॉर्ड काढली. त्यात डबच्या मध्ये रेडिओवरच्या त्या आरोळ्या आणि सूचना तशाच गुंफल्या आहेत. कार्यक्रम कसा वाटत असेल हे ज्यांना जाणून घ्यायचंय, त्यांनी आधी ती ऐकावी. पुढे लंडनच्या 'द क्लॅश' या पंक बँडने त्याला बोलावलं आणि १९८० च्या त्यांच्या 'बँकरॉबर'वर आणि 'सँडिनिस्टा!'वर त्याचा हात आहे. २००८ मध्ये मेंदूतल्या गाठीने त्याचा मृत्यू झाला.

लंडनचं नाव आलंच आहे, तर तिथली बाजूही बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियनमधून हजारो माणसं ब्रिटनला कामाला गेली, आणि साउंड सिस्टिम त्यांच्याबरोबर गेल्या. तिथल्या रेडिओवरही तीच कथा. बीबीसी रेडिओ लंडनवर आठवड्यातून ठरावीक वेळ रेगेला मिळे. १९७९ पासून कॅपिटल रेडिओवर डेव्हिड रॉडिगनचा 'रूट्स रॉकर्स' सुरू झाला. रॉडिगन हा गोरा इंग्रज, ब्रिटिश सैनिकाचा मुलगा, जर्मनीत जन्मलेला. पण अभ्यास असा की पुढे जमैकात जाऊन तिथल्या निवेदकांशी रेडिओवर रेकॉर्डची जुगलबंदी करायचा आणि लोक त्याला डोक्यावर घ्यायचे.

तरीही आठवड्याचे काही तास लाखभर लोकांच्या संगीताला पुरणार कसे? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या नीसडन भागात लेप्के नावाच्या तरुणाने घरामागच्या अंगणातून बिनपरवाना केंद्र सुरू केलं. लेप्के हा रिटा मार्लेचा सावत्र भाऊ. केंद्राचं नाव 'ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन', थोडक्यात डीबीसी. बीबीसीची ही थट्टा कोणालाही कळावी अशीच होती. सरकारी अधिकारी छापे घालायचे, यंत्रं जप्त करायचे, की हे पुन्हा नवीन उभारायचे. १९८४ मध्ये कायदा कडक झाला आणि डीबीसी बंद पडलं. पण लेप्केची बहीण, रँकिंग मिस पी, हिला पुढच्याच वर्षी बीबीसी रेडिओ वनने रेगेच्या कार्यक्रमासाठी घेतलं. ज्यांची थट्टा केली त्यांनीच दार उघडलं, पण आधी दार वाजवणारं कोणीतरी लागलं.

आता एक बोचरा मुद्दा. वाटून घेणं चांगलं, पण वाटलेल्याचे पैसे कोणाला मिळाले? जमैकात १९९३ पर्यंत १९११ चा जुना ब्रिटिश कॉपीराइट कायदा चालू होता आणि त्याचीही अंमलबजावणी नावापुरतीच. एका ठेक्यावर डझनावारी गाणी आणि डब निघायचे, पण तो ठेका वाजवणाऱ्याला त्या दिवसाची बिदागी मिळाली की विषय संपला. डबच्या रेकॉर्डवर निर्मात्याचं नाव ठळक, कधी टबीचं, आणि बेसवादकाचं कुठेच नाही. लेबल खरवडायची जुनी सवय अशी वेगळ्या रूपात टिकली. म्हणून आम्हाला वाटतं, अशा संगीताचा कार्यक्रम करणाऱ्याची पहिली जबाबदारी नाव सांगण्याची आहे. गायक कोण, ड्रमवर कोण, टेप कुठे भरली, मिश्रण कोणी केलं. रॉडिगनसारख्या निवेदकांना श्रोत्यांनी मान दिला, त्यात हा तपशील सांगण्याचा वाटा मोठा आहे.

आणि दुसरा मुद्दा जतनाचा. हे कार्यक्रम आज आपल्याला कसे कळतात? रात्री जागून घरच्या टेपरेकॉर्डरवर ते भरून घेणाऱ्या श्रोत्यांमुळे. त्या कॅसेट लंडनला, न्यूयॉर्कला नातेवाइकांच्या सामानातून गेल्या, तिथे त्यांच्या नकला निघाल्या. जेबीसी हे केंद्र तर १९९७ मध्ये गुंडाळलं गेलं. तेव्हा 'ड्रेड अॅट द कंट्रोल्स' ज्यांनी जपला, त्यांत मोठा वाटा कोणा अनामिकाच्या माळ्यावरच्या खोक्याचा आहे. इतिहासाची साधनं म्हणताना आपण दप्तरखाने आणि ताम्रपट डोळ्यांपुढे आणतो. त्या यादीत घुरघुरणारी कॅसेटही धरायला हवी.

शेवट काय झाला? १९९० मध्ये जमैकात ओचो रिओस इथे 'आयरी एफएम' सुरू झालं, दिवसभर रेगे लावणारं केंद्र. म्हणजे जेबीसी स्थापन झाल्यावर ३१ वर्षांनी आणि स्वातंत्र्यानंतर २८ वर्षांनी. नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. या तारखा ओळीने वाचल्या तर वाटतं, हे आपोआप होत गेलं. तसं नव्हतं. मधल्या काळात मार्ले जगभर पोचला आणि मग घरच्यांना त्याचा अभिमान वाटू लागला, हे एक कारण आहेच. पण त्याच वेळी बेटावरच्या माणसाला स्वतःची बोली, स्वतःचा ठेका स्वतःच्या देशाच्या रेडिओवर ऐकायची सवय लावली ती रात्रीच्या त्या तासांनी. एकदा ती सवय लागल्यावर ते पुन्हा बंद करणं कोणत्याच केंद्राला सोपं राहिलं नाही.

आज आपण इथे थांबू. ज्यांना पुढे ऐकायचंय त्यांनी ऑगस्टस पाब्लोची १९७६ ची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' ही रेकॉर्ड मिळवावी. शक्यतो बेस नीट ऐकू येईल अशा स्पीकरवर, कारण मोबाइलच्या स्पीकरवर डबचा निम्मा भाग ऐकूच येत नाही. आणि ऐकताना, जे काढून टाकलंय त्याच्याकडे कान द्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.